उभा की चौकोन

पांढरकवड्याच्या त्या गल्लीत कोणी मेलं की लोक "वारला" म्हणत नाहीत, "देवाघरी गेला" असंही फारसं म्हणत नाहीत. "त्याचा चौकोन झाला," असं म्हणतात. कोणी मोटारसायकल जोरात हाणायला लागला की बायको मागून बोंबलते, "हळू चालवा ना बाप्पा, हमीदाबीकडे जाचं हाय काय?" बाहेरगावचा माणूस हे ऐकून नुसता तोंडाकडे पाहत राहतो. मग त्याला सांगावं लागतं, की हमीदाबी म्हणजे कोणी जल्लाद नव्हे. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत तिचं फोटो फ्रेमचं दुकान आहे, बस.

आता भूमितीचा मास्तर म्हणेल, फ्रेम उभी असो का आडवी, चार कोपरे आले म्हणजे चौकोनच झाला. म्हणो बापडा. इथे भूमिती चालत नाही, हाफिजभाईचा कायदा चालतो. हाफिजभाई म्हणजे हमीदाबीचा नवरा. त्याच्याकडे एक जुना कॅमेरा होता, पोटाशी धरून वरून खाली पाहायचा. त्याची निगेटिव्हच मुळात चारी बाजूंनी सारखी. जिता माणूस फोटो काढायला आला की त्याला पायातल्या नव्या चपला दिसायला पाहिजेत, मनगटावरचं घड्याळ दिसायला पाहिजे. मग हाफिजभाई डावी-उजवी बाजू कापायचा आणि माणसाला डोक्यापासून पायापर्यंत उभा छापून द्यायचा. पुढे कधी तो माणूस वारला की घरचे तोच फोटो घेऊन परत येत. आता चपला कोणाला पाहायच्या आहेत? हाफिजभाई नुसता चेहरा आणि छाती घ्यायचा, बारा इंच बाय बारा इंच. चंदनाचा हारही त्या मापावर नेमका बसायचा. असं करता करता जिता तो उभा आणि गेला तो चौकोन, हा रिवाजच पडला. पार झरी जामणीच्या शेवटच्या गावापर्यंत कोणत्याही घरात जा, भिंतीकडे नजर टाकली की कळतं, या घरातलं कोण आहे आणि कोण नाही.

एकवीस वर्षांखाली हाफिजभाई काविळीनं गेला. हमीदाबी तेव्हा चौतीसची. दीर म्हणाला, दुकान विकून टाकू. भाऊ म्हणाला, दुसरा निकाह करून टाकू. हमीदाबी दोघांचं ऐकून घेत इद्दतीचे चार महिने दहा दिवस घरात बसली, आणि अकराव्या दिवशी सकाळी जाऊन तिनं दुकानाचं शटर वर केलं. काच कापताना पहिल्याच आठवड्यात अंगठा फाडून घेतला, पट्टीचे कोपरे तिरपे कापायला सहा महिने लागले. पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा लोक म्हणाले, आता हिचं काही खरं नाही. तीही शिकली. माऊस धरून चार कोपरे ओढायचे, नको ते बाहेर टाकायचं, पाहिजे ते आत ठेवायचं. "कापूनच तर पाहाचं हाय," म्हणायची, "काचेपेक्षा सोपं हाय. रगत नाई निघत."

जीभ मात्र तिची जन्मापासूनच धारेची. आजकाल कॉलेजची पोरं मोबाईलमधले चारी बाजूंनी सारखे फोटो घेऊन येतात आणि म्हणतात, काकू, असेच फ्रेम करून द्या, भिंतीवर नऊ लावायचे आहेत. ती चष्म्यावरून पाहते. "अरे मुडद्या, हे तुहे दोस्तच हायेत ना? नवाच्या नऊ गाडीखाली आले काय? जा घरी, आजीले दाखव पयले. आजी हो म्हनली तर करून देतो." पोरं जातात आणि परत येत नाहीत. धंदा बुडतो तो बुडतो. पण तिचं आपलं ठरलेलं आहे, जित्या माणसाला चौकोनात कोंबायचं नाही म्हणजे नाही.

आणि चौकोन करावा तो तिनंच. लोक आणतात तरी काय? मतदानाच्या कार्डावरचा टिकलीएवढा चेहरा, नाहीतर लग्नाच्या पंगतीत वाढताना अर्धवट आलेलं तोंड. त्यातून ती माणूस वेगळा काढते. डोक्यावर दोन बोटं जागा सोडते, नजर छताकडे असली तर मान अर्धी रेघ वळवून घेते. गेलेल्या माणसानं घरच्यांकडे पाहिलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. खांद्यावर कोणाचा हात आलेला असतो तो पुसते, आणि पुसताना मनात त्या हातवाल्याची माफी मागते. तिच्या स्वतःच्या घरात मात्र एकही फोटो नाही. त्यांच्यात लावत नाहीत. तसाही हाफिजभाईचा धड फोटो नाहीच, जन्मभर तो कॅमेऱ्याच्या मागे.

गिऱ्हाइकाला ती एकच प्रश्न विचारते, "कधी गेला?" कसा गेला, हे विचारत नाही. आपल्या इकडे तो प्रश्न विचारू नये, हे तिला शिकवावं लागलं नाही. कधी ते कळलं की ती कॅलेंडर पाहते, तेरवी कोणत्या दिवशी येते ते मोजते आणि कामाचा नंबर लावते. फोटोच्या खाली बारीक अक्षरात तीच तारीख छापते. एकवीस वर्षांत त्या एका प्रश्नानं तिला कधी दगा दिला नव्हता.

यंदा दिला. पोळा होऊन सहा दिवस झाले होते आणि गणपती बसलेले होते. दुकानात उभं राहायला जागा नव्हती. झरीकडच्या बसमधून दोघी बायका उतरून आल्या. मोठी पंचावन्नची असेल, वच्छलाबाई, डोक्यावर पदर, पायांत रबरी चपला. लहानी पंचवीस-सव्वीसची, सलोनी. दोघींच्या हातांत मिळून एक मोबाईल, काचेला तडे गेलेला आणि अर्ध्या पडद्यावर हिरव्या रेघा.

पुढचं हमीदाबीला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण ऐकणाऱ्याला आधीच सांगून टाकलेलं बरं. वच्छलाबाईचा एकुलता एक पोरगा रजत. चार वर्षांखाली, पोळ्याच्या करीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तो बोअरच्या गाडीवर कामाला म्हणून तेलंगणात गेला. दोन महिने फोन येत होता. मग फोन बंद झाला तो बंदच. गाडीवाल्याचा नंबर लागेना. पोलिसात तक्रार झाली, चुलता दोनदा तिकडे जाऊन हात हलवत परत आला. रजत आहे, का नाही, हे सांगणारा कोणी भेटला नाही. त्याचं नाव रेशनकार्डावरून काढायला वच्छलाबाईनं कोणाला हात लावू दिला नाही.

सलोनी त्याची बायको. लग्न होऊन दीड वर्षच झालं होतं. आता तिच्या माहेरच्यांनी कळंबचा एक चांगला बिजवर पाहून ठेवला होता, दिवाळीपर्यंत थांबतो म्हणत होता. भावकीचं म्हणणं होतं, कणकेचा पुतळा करून जाळा, रीतसर तेरवी करा, मग पोरगी इज्जतीनं मोकळी होईल. तसं न करता गेली तर जित्या नवऱ्याला सोडून पळाली असंच लोक म्हणणार. आणि वच्छलाबाई म्हणत होती, "माह्या जित्या पोराचा पुतळा जाळू?" गाडा तिथंच रुतून बसला होता. सलोनी सासूला सोडूनही जाईना आणि सासूसमोर तोंडही उघडेना. रात्रंदिवस दोघी एकाच चुलीशी, आणि मधे हे.

त्यात मोबाईलनं जीव सोडायला घेतला. रजतचे जे काही फोटो होते ते त्याच्यातच. एखाद्या दिवशी हा बंद पडला तर पोराचं तोंडही दिसायचं नाही, ही धास्ती वच्छलाबाईला झाली. म्हणून ती एकच फोटो मोठा करून घ्यायला आली होती. भिंतीवर लावायला. आपला पोरगा बाहेरगावी आहे, त्याचा फोटो घरात असावा, एवढंच तिच्या मनात. उभा कर, असं तिनं सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? जित्या माणसाचा उभाच असतो.

हमीदाबीनं मोबाईल हातात घेतला. "हाच का?"

"हाच."

"कधी गेला?"

"पोळ्याच्या करीले," वच्छलाबाई म्हणाली. "चांगला मोठा कर वं. साऱ्यायले दिसला पाहिजे."

हमीदाबीनं कॅलेंडरकडे पाहिलं. सहा दिवसांपूर्वी पोळा, म्हणजे करीला पाच दिवस झाले. सव्वीस-सत्तावीसचं पोरगं, आणि मायच्या डोळ्यांत पाणी नाही. असंही पाहिलेलं होतं तिनं, काहींचं पाणी तेरवीनंतर येतं. पायरीवर उभ्या पोरीच्या गळ्यात काळी पोत होती, कपाळाला टिकली. बहीण असेल, सासरहून आली असेल, असं हमीदाबीनं धरून टाकलं. त्या पोरीनं एकदा तोंड उघडलं. मग खाली वाकून चपलेचा पट्टा लावायला लागली, तो काही सुटलेला नव्हता.

"बुधवारी ये माय," हमीदाबी म्हणाली. "सारे कामं बाजूले ठेवून तुहं करतो."

आणि केलं. मोबाईल कॉम्प्युटरला जोडला जाईना म्हणून तिनं पडद्याचाच फोटो काढून ठेवला होता. त्यात पोरगा घरासमोर उभा होता, आभाळी रंगाचा नवा शर्ट, मागे सायकल, बाजूला एक बाई. त्या बाईचं अंग पडद्यावरच्या हिरव्या रेघेत आलं होतं, नुसता हिरव्या बांगड्यांचा हात त्याच्या कोपराला धरलेला स्पष्ट दिसत होता. चौकोनात हात येतच नव्हता. हमीदाबीनं सायकल टाकली, पाय टाकले, हात टाकला. हसरा चेहरा राहिला. डोक्यावर दोन बोटं जागा सोडली, खाली यंदाच्या करीची तारीख टाकली, आणि वरून चंदनाचा हार घातला. जवान माणसाच्या चौकोनाला हार ती आपल्याकडून घालते.

बुधवारी दुपारी दोघी आल्या. वच्छलाबाईनं वरचा पेपर स्वतः सोडला. सोडला, तर आत हार.

"तुले कोनं सांगतलं?" तिनं विचारलं.

हमीदाबीला वाटलं, हाराबद्दल विचारते आहे. "सांगाचं काय त्यात माय. जवान पोरगं. हार माह्याकडून."

"हाराचं नाई वं. हा गेला म्हनून तुले कोनं सांगतलं?"

हमीदाबी काही बोलणार तोच वच्छलाबाईचं बोट काचेवरून खाली सरकलं. चौथीपर्यंत शिकलेली बाई. तारखेचा एकेक आकडा तिनं ओठ हलवत वाचला, आणि तिचा चेहरा असा काही झाला की हमीदाबीला आजही तो आठवला की घास गिळवत नाही. आकांत होता, आणि त्या आकांतात, अल्ला माफ करो, आनंद होता.

"यंदाच्या करीले? म्हनजे मागच्या आठवड्यापर्यंत जिता होता? चार साल जिता होता माहा रजत?" ती फ्रेम पोटाशी धरून खाली फरशीवर बसली. "कुठं होता वं? कोनापाशी होता? खाले कोन देत होतं त्याले?"

"चार साल?" हमीदाबी पुटपुटली आणि पोरीकडे पाहायला लागली.

सलोनी काउंटरला लागून उभी होती, तोंड पांढरंफटक पडलेलं. हळूच म्हणाली, "चार सालाआधीच्या करीले गेले ते, चाची. कामाले. तवापासून पत्ता नाई." मग गळ्यातल्या पोतीवर हात ठेवून म्हणाली, "म्या बायको हावो त्यायची." आणि दोन वाक्यांत तिनं सारं सांगितलं, कळंबचं, दिवाळीचं, पुतळ्याचं.

हमीदाबीच्या डोक्यात सगळं लख्ख झालं आणि तिला स्वतःची अशी चीड आली की काउंटरवर डोकं आपटून घ्यावं. कधी गेला, म्हणे! गेला म्हणजे मेलाच, असं कोणी सांगितलं होतं तिला? कामाला जाणारा जात नाही काय? एकवीस वर्षं माणसं मापात बसवून बसवून तिला प्रत्येक गेलेला मेलेलाच दिसायला लागला होता.

सलोनी तिच्या कानाशी आली. "चाची," ती म्हणाली, आवाज जेमतेम फुटत होता, "राहू द्या ना."

"काय राहू देऊ?"

"हेच. कोनी येऊन सांगून गेलं म्हना. गाडीवाला म्हना. एकदा रडून घेतीन आई, मोकळ्या होतीन. म्या बी होईन."

आता कोणी म्हणेल, काय सून आहे! पण म्हणणाऱ्यानं चार वर्षं ना सवाशीण ना विधवा असं जगून दाखवावं, मग बोलावं. हमीदाबीला त्या पोरीचा राग आला नाही. चौतीसाव्या वर्षी तिच्यावरही आभाळ कोसळलं होतं, पण तिच्यापाशी तारीख होती. त्या तारखेपासून चार महिने दहा दिवस मोजता येत होते आणि मोजून झाल्यावर शटर वर करता येत होतं. या पोरीनं मोजायचं कुठून? एक खोटं बोललं की झालं. गाडीवाला आला होता, झरीचा पत्ता विचारत होता, बिचारा सांगून गेला. कोण शोधायला जाणार? हमीदाबीच्या जिभेवर ते वाक्य येऊन बसलं, आणि बोलून टाकावं असं तिला मनापासून वाटलं.

पण खाली बसलेली बाई अजून विचारतच होती. "काय खात होता वं? बिमार होता काय? माहं नाव घेतलं काय त्यानं?" आणि हमीदाबीला कळलं, की एका खोट्यानं भागणार नाही. चार वर्षांचा घास घास तिला बनवून द्यावा लागेल. तो कुठं झोपत होता, कोण पाणी देत होतं, शेवटी काय बोलला. मरेपर्यंत ही बाई दर बाजारी येऊन विचारत राहील, आणि हमीदाबीला सांगत राहावं लागेल.

ती काउंटरच्या मागून बाहेर आली आणि वच्छलाबाईच्या समोर फरशीवर बसली. गुडघे दुखतात, सहसा ती खाली बसत नाही.

"कोनी नाई सांगतलं, माय," ती म्हणाली. "कोनी आलं नाई, कोनी सांगतलं नाई. माही चूक हाय. म्या इचारलं कधी गेला, तू म्हनली करीले. मले वाटलं, यंदाच्याच करीले. मले वाटलं, मेला. माह्या तोंडात आग लागो."

"खरं सांग. तुह्या मालकाची आन हाय तुले."

"त्यायची आन."

वच्छलाबाईनं फोटोतल्या तोंडावर हात ठेवला. "म्हनजे चार साल जिता होता, हे खोटं?"

"मले माहीत नाई."

"आन मेला, हे बी खोटं?"

"तेबी मले माहीत नाई, माय."

ती रडली असती तर सोपं झालं असतं. ती रडली नाही. एका घटकेत तिला पोरगा मिळालाही होता आणि गेलाही होता, आणि आता दोन्ही हातचं सुटलं होतं. तिनं फ्रेमवरचा हार काढला, नीट गोल करून काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "उभा करून दे. थांबतो आम्ही."

हमीदाबीनं दुकानातल्या बाकीच्या गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून हाकलून लावलं. समोरच्या टपरीवरून चहा मागवला. वच्छलाबाईनं कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. आणि मग सलोनी बोलली. चोरी आपल्याच पदरात बांधून किती दिवस फिरणार माणूस!

"आई," ती म्हणाली, "मले त्याच दिशी समजलं होतं. पायरीवर. चाचीनं कधी गेला म्हनून इचारलं तवाच. म्या बोलली नाई."

वच्छलाबाईनं तिच्याकडे पाहिलं नाही.

"म्या मुद्दाम बोलली नाई, आई."

तरीही नाही. चहावर साय धरली. सलोनी स्टुलावर बसली होती ती उठून दाराशी जाऊन उभी राहिली, जणू आता कोणत्याही घडीला हाकलून देतील आणि आपण आधीच बाहेर असलेलं बरं.

हमीदाबीनं पडद्यावर पूर्ण फोटो उघडला. रजत डोक्यापासून पायापर्यंत उभा राहिला, चपला, सायकल, सगळं. हिरव्या रेघा तिनं एकेक करून पुसल्या. उभ्या फ्रेमचं माप लावलं, तर तो बांगड्यांचा हात आत येत होता. मनगटापासून पुढे फक्त, बाकीची सलोनी बाहेर. कोणाची बाई हे कळू नये आणि हात मात्र धरलेला असावा, असं ते विचित्र दिसत होतं. एरवी तिनं न विचारता निकाल लावला असता. पण त्या दिवशी तिचा स्वतःच्या हातावर भरोसा उरला नव्हता.

"हा हात," तिनं विचारलं, "राहू देऊ काय?"

वच्छलाबाई उठली. कप खाली ठेवून कॉम्प्युटरपाशी आली आणि वाकून पाहायला लागली. आधी पोराचा चेहरा पाहिला, मग त्याच्या चपला. मग त्या हाताकडे आली आणि तिथंच थांबली. पंखा फिरत होता, बाहेर बसवाला कंडक्टर वणी वणी करून ओरडत होता.

"चार साल झाले," वच्छलाबाई म्हणाली, "धरूनच हाय पोरगी." मग पडद्यावरच्या त्या हिरव्या बांगड्यांवर बोट ठेवून म्हणाली, "सोडव तिचा हात."

हमीदाबीला आधी वाटलं, रागानं म्हणते आहे. दाराशी सलोनीनं तोंडात पदर कोंबला, तिलाही तेच वाटलं असणार.

"सोडवतो," हमीदाबी म्हणाली, "पन धरलेला घट्ट हाय. हात काढतो म्हनलं तर त्याचा कोपर बी जाईन थोडा."

"जाऊ दे. त्याले नाई दुखत आता."

हमीदाबीनं कोपरा ओढला. हात गेला, बांगड्या गेल्या, रजतचा अर्धा कोपर गेला. उरलेला रजत उभा होता, हसत. तो तिनं छापला, पट्टी कापली, काच पुसून बसवली, मागून पुठ्ठा लावून खिळे ठोकले. पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात वच्छलाबाई तिच्या खांद्याशीच उभी होती आणि सलोनी दाराशी.

चुकीचा चौकोन हमीदाबीनं पालथा करून काउंटरखाली सरकवला होता, दोघी गेल्या की फोडून टाकायचा म्हणून. वच्छलाबाईनं तो मागितला.

"तोबी दे बांधून. फोडू नको."

"कायले माय? ते माह्या चुकीचं हाय. कायले घरी नेतं?"

"तेरवीले फोटो नाई लागत काय?" वच्छलाबाई म्हणाली. "फक्त ते तारीख बदल खालची."

'कधी गेला' हा जो प्रश्न हमीदाबीनं एकवीस वर्षं विचारला, तो त्या घडीला तिला विचारता येईना. वच्छलाबाईनंच सांगितलं.

"आजची टाक."

"आई..." सलोनी दारातून आत आली. तिचा बांध फुटला होता, नाक-डोळे एक झाले होते.

"तू चूप राह्य," वच्छलाबाई तिच्याकडे न पाहता म्हणाली. "म्या अजून तुह्याशी बोलून नाई राह्यली. घरी गेल्यावर काकाले फोन कर. म्हन, पुतळ्याचं पाहा. आजपासून दिवस मोजा म्हन."

हमीदाबीनं खालची पट्टी नव्यानं छापली. चौकोन उघडून जुनी तारीख काढली आणि आजची लावली. हार परत घातला. पूर्ण आयुष्यात तिनं हजारो तारखा छापल्या असतील, पण जी तारीख अजून संपलेली नाही, जिच्यात बाहेर ऊन आहे आणि चहाचे कप अजून उचलायचे आहेत, अशी तारीख तिनं पहिल्यांदाच छापली. ती रडली. आपण रडलो हे ती लपवत नाही. म्हणते, "दोघी नाई रडत तं कोनी तरी रडलं पाहिजे ना!" सलोनी रडत होती, हे ती धरत नाही.

दोन्ही फ्रेमा तिनं काउंटरवर शेजारी ठेवल्या. एकच माणूस, तेच हसू. एकात चपलांसकट उभा, एकात हाराच्या आत.

"एकाच कागदात बांधू काय?" तिनं विचारलं. "धराले सोपं जाईन बसमदी."

"नाई," वच्छलाबाई म्हणाली. "अलग बांध. तिचा गेला." मग उभ्या फ्रेमवरचा धुळीचा एक कण पदरानं टिपून म्हणाली, "माहा आला का म्या त्यालेच इचारीन, कुठं गेलता रे बा इतके दिस?"

हमीदाबीनं दोन कागद घेतले.